दोघांचा एकच पत्ता

आमगावात आम्हा दोघा भावांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. गिऱ्हाईक ‘भाऊ’ म्हणालं की दोघंही मान वर करायचो. धानविक्रीच्या नोंदणीचे दिवस होते, सातबारा घेऊन माणसं दारापर्यंत उभी होती, आणि दादाचं नेट लागलं की माझं तुटायचं. तिसऱ्यांदा भरत आलेला फॉर्म उडाला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“कायले माहं नेट तोडून राहिला रे?”

“म्या काहीच नाही केलं,” दादा म्हणाला आणि हसला. त्या हसण्यावर मी स्टेपलर त्याच्या कपाळावर हाणलं. त्याची भुवई फाटली. त्यानं मान धरून माझं तोंड टेबलावर आपटलं, माझा दात तुटला. लोकांनी ओढून बाजूला करेपर्यंत मी त्याला लाथा घालत होतो. कीबोर्ड रक्तानं चिकट झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी नेट वाटणाऱ्या राउटरमधली, जोडलेल्या कॉम्प्युटरांची यादी उघडली. प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवरचा पत्ता देताना, तो कॉम्प्युटर स्वतःची जी ओळख सांगतो तेवढीच आमचा राउटर बघत होता. आमचे दोन्ही कॉम्प्युटर एकच ओळख सांगत होते, म्हणून दोघांना एकच पत्ता मिळत होता आणि एकाचं नेट लागलं की दुसऱ्याचं तुटत होतं. दादाचा कॉम्प्युटर नवीन आला तेव्हा, वेळ वाचवायला, माझी डिस्क जशीच्या तशी त्यात उतरवली होती. मीच.

ओळख बदलायला पाच मिनिटं लागली. आता दोन्ही कॉम्प्युटरांना वेगवेगळा पत्ता आहे. दादालाही आहे, गोरेगावात कुठंतरी. मला तो माहीत नाही.