मांडणीवरचा भूकंप

भूकंप झाला की माणसं घराबाहेर पळतात. माझा हॉस्टेलातला रूम पार्टनर स्वयंपाकघरात पळतो. भांड्यांशी इतकं जिव्हाळ्याचं नातं मी दुसऱ्या कुणा पुरुषाचं पाहिलेलं नाही. गडी कोयनानगरकडचा. तिकडं जमीन अधूनमधून हलतेच, त्यामुळे मांडणीवरची नुसती झाकणं वाजली, ताटं सरकली, का थेट डबेच खाली आले, यावरून धक्का केवढा होता ते याला समजे. आसपासच्या गावांतल्या बायका धक्का बसला की तहसील कचेरीत नव्हे, यालाच फोन करत आणि हा वहीत टिपून घेई. "मावशी, पातेलं पडलं का नुसतं हाललं? नीट आठवा." अशा अकरा वह्या त्याच्या ट्रंकेत होत्या. शिकून भूकंपावर संशोधन करायचं, हे त्याचं सातवीपासून ठरलेलं. पुढं त्याच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही पाटणजवळ गेलो, तर पोहे घेऊन आलेल्या मुलीला यानं पहिलाच प्रश्न केला, "तुमच्याकडं मांडणीच्या वरच्या फळीवर काय असतं?" ती बिचारी म्हणाली, "पितळंचे डबे." यानं खिशातून वही काढली. मुलीच्या वडलांना वाटलं, नवरदेव भांडीकुंडी आत्ताच लिहून घेतोय. पोहे खाऊन आम्ही निघालो ते निघालोच.

हसण्यासारखं एवढंच. एम.एस्सी. झाल्यावर तो तीनदा पीएच.डी.च्या मुलाखतीला गेला. एकदा जागाच नव्हती, एकदा होती ती आधीच कुणाला तरी ठरलेली होती, आणि तिसऱ्यांदा वह्या चाळून एक साहेब म्हणाले, "ही काय भांड्यांची यादी आहे का?" मामांनी बी.एड. कर म्हणून सांगितलं, सरांनी स्पर्धा परीक्षा दे म्हणून सांगितलं, आईनं देवाला साकडं घातलं. हा सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणे आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म भरी. पोटासाठी पलूसला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लागला. दिवसभर तापमानाच्या काट्याकडं बघत बसायचं. "काटा मिळाला गड्या, पर ह्यो हालतच न्हाई," म्हणाला होता. मी तरी काय दिवे लावले? त्याच्याच वर्गातला मी, साताऱ्यात एका कॉलेजच्या ऑफिसात पोरांना बोनाफाईड दाखले देतो. माझी स्वप्नं दोन वर्षांत आटोपली. त्याचं अजून चालू आहे याचा मला फार आधार वाटायचा, पण हे त्याला कधी सांगितलं नाही.

पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीला असलेल्या वयाच्या अटीत बसायचं त्याचं यंदा शेवटचं वर्ष. मुद्दाम साताऱ्याला आला. स्टँडवर चहा पिताना म्हणाला, "मालक म्यानेजर करतो म्हणतोय, पर कायमचं ऱ्हायाचं असलं तर. ह्यो शेवटचा फॉर्म हाय. भरू का रं?" त्याच्या कानाशेजारचे केस पिकलेले दिसले आणि मला कुठलं शहाणपण सुचलं कोण जाणे. म्हणालो, "बास कर आता. आईचं बघ." तो "बरं" म्हणाला आणि पलूसला परतायला इस्लामपूरच्या गाडीत चढला.

मुदत संपल्यावर मी फोन केला. "भरला असशीलच ना?"

"न्हाई. तूच बास कर म्हणलास नव्हं?"

आवाजात राग नव्हता. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांत त्यानं कुणाचं म्हणून ऐकलं नव्हतं, आणि माझंही ऐकणार नाही या भरवशावरच मी बोललो होतो.