बिनदाराच्या घरातलं पथ्य

आई कॅन्सरनं गेली नाही. हे मला पहिल्याच ओळीत सांगून टाकायचंय, कारण गेले काही आठवडे जो येतो तो माझा हात हातात घेऊन म्हणतो, शेवटी त्या दुखण्यानं नेलंच म्हणायचं... आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नाही नेलं. त्या दुखण्याला तिनं केव्हाच वाटेला लावलं होतं. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला तेव्हा मी शेवगावला पतसंस्थेत काउंटरवर होते. दादा फोनवर कधी धड बोलत नाहीत. त्या दिवशीही "शोभा, निघून ये" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मागाहून कळलं ते असं, की सकाळी तिनं ओट्यावर बसून काम केलं, पोटभर जेवली, जरा पडते म्हणाली आणि झोपेतच हृदय थांबलं. सत्तरी ओलांडलेली बाई, हातातलं काम संपवून गेली. दुःख मला आहेच. पण तिच्या नावावर नसलेली हार कुणी तिच्या माथी मारू नये.

आमचं घर शिंगणापूरचं. तिथं घरांना दारं नसतात याचं बाहेरच्यांना नवल, आम्हाला काही नाही. चौकट असते, उंबरा असतो, पडदा असतो, आणि कुत्रं आत शिरू नये म्हणून टेकवायला एक फळी असते. अलीकडे कुणी कुणी आपापली सोय करून घेतलीय, पण आमच्या आळीत जुनंच चालतं. चोरीमारीचं राहू द्या. दार नसण्याचा खरा परिणाम असा, की माणूस येताना थबकत नाही. बाहेरूनच बोलायला सुरुवात करतो आणि वाक्य पुरं होईतो तुमच्या चुलीपाशी येऊन बसलेला असतो. लहानपणी मला याचा भारी राग यायचा, अभ्यासाला म्हणून निवांतपणा मिळायचा नाही. आईला मात्र हेच हवं असायचं. शेजारची गयाकाकू आणि ती, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आल्या. शनिवारच्या गर्दीसाठी दोघी ओट्यावर बसून रुईच्या पानांच्या माळा ओवायच्या, दादा त्या देवळाजवळच्या आमच्या दुकानात मांडायचे. माळा कमी आणि गप्पा जास्त, असं दादा म्हणायचे, पण तेही गप्पा ऐकायलाच दुकानातून उठून यायचे.

गाठ सापडली ती गयाकाकूला. आई सगळं अंगावर काढणारी, मला कशाला सांगतेय! एका सणाच्या दिवशी काकू तिची पाठ चोळून देत होती, तेव्हा काखेजवळ हात अडला. काकूनं आरडाओरडा केला नाही, सरळ दादांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिला नगरच्या गाडीत बसवलं. स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आणि मग केमो. मी रजा टाकून माहेरी राहायला आले. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायची त्यांना घाई नसायची. हे औषध वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतं, म्हणाल्या. डोस दिल्यावर काही दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, आणि तेव्हा दुसऱ्याची साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते. त्या दिवसांत दार लावून घ्या, भेटायला येणाऱ्यांना आत घेऊ नका. दादांनी टोपी काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "दार न्हाई, डॉक्टर." बाईंना वाटलं, खोलीला नसेल. मी गावाचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

पहिल्या डोसनंतर जे व्हायचं ते सगळं झालं. फोडणीचा वास आला की आईला भडभडून यायचं, म्हणून मी गॅस उचलून मागच्या पडवीत नेला. तोंड आलं. पाणी पितानाही तिच्या डोळ्यांतून धार लागायची. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, उकळून गार केलेलं पाणी, आसट मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीची पेज, आणि तेही थोडं थोडं, वाटीवाटीनं. एकदम ताट पुढं केलं की तिची अन्नावरची वासना जायची हे मला जरा उशिरा कळलं. कशालाच चव नव्हती. सगळं पत्रा चाटल्यासारखं लागतं म्हणायची. उलटीची गोळी वेळेवर द्यायची, ती उलटी व्हायच्या आधी, झाल्यावर नाही, हे दादांनी इतकं मनावर घेतलं होतं की दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून घरी यायचे. केस गेले तेव्हा मला वाटलं आता ही कोसळणार. नवरा जिवंत असताना बाईचं डोकं उघडं पडावं हे आमच्याकडं बाया फार मनाला लावून घेतात. आई आरशात बघून म्हणाली, तेलाचा खर्च वाचला. पण त्या दिवसापासून पदर तिनं घरातसुद्धा खाली येऊ दिला नाही, ते मी बघत होते.

हे सगळं निभावलं असतं. निभत नव्हती ती माणसं. आजाऱ्याला भेटायला जायचं नाही म्हणजे वैर, असं आमच्याकडचं शास्त्र. रोज कुणी ना कुणी. आत यायचं, गालावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची, पर्समधला बिस्किटाचा पुडा काढून एक बिस्कीट आपल्या हातानं तिच्या तोंडात घालायचं. कुणी शिंकतंय, कुणी खोकतंय, कुणी लग्नाच्या गर्दीतून थेट इकडं. मी उंबऱ्यात उभी राहून अडवायला लागले. बाया माझ्या बगलेखालून आत जायच्या! शेवटी गयाकाकू एकदा फडक्यात नाक पुसत आली, तेव्हा माझा तोल गेला. काकू, तुमची सर्दी तिला मारून टाकेल, असं मी चार बायांत म्हणाले. खरं तेच बोलले. काकू आल्या पावली वळली. पदर सावरला, निघून गेली, आणि यायची बंद झाली. आईनं त्या संध्याकाळी पेज घेतली नाही.

दुसऱ्या डोसनंतर व्हायचं तेच झालं. दुपारी हुडहुडी भरली, अंग तव्यासारखं तापलं. ताप आला तर वाट बघायची नाही, सरळ निघायचं, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, म्हणून निघालो. नगरला पोचेपर्यंत आईची शुद्ध जात-येत होती. पेशी फार खाली गेल्या होत्या. सलाईन, इंजेक्शनं, वेगळी खोली. ती वाचली. पण पुढचा डोस लांबला, आणि बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असं परत झालं तर पुढचे डोस देता येतील याची खात्री नाही, आणि डोस अर्धवट राहिले तर आजार उलटायची भीती. मी तिथल्या तिथं ठरवलं. सुताराला फोन लावला, चौकटीचं माप दादांना विचारलं. दादा म्हणाले, माप मी देणार नाही. आमची जुंपली. दवाखान्याच्या जिन्यात बाप-लेकीची अशी जुंपली की वॉर्डातली सिस्टर येऊन गप्प बसा म्हणाली. गाव काय म्हणेल, देव काय म्हणेल हेच बघत बसा, तुम्हाला बायको पाहिजे का चौकट, असं मी वाट्टेल ते बोलले. दादांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, तिला विचार.

तिला विचारलं. ती उशीला टेकून बसली होती, हाताला सुई. मला वाटलं देवाचं नाव घेईल.

"देव काय माझ्या दाराकडं बघत बसलाय व्हय?" ती म्हणाली. "त्याला लई कामं हायेत. पन शोभे, आपून दार लावलं की बाया यायच्या बंद व्हतील. आन् त्या यायच्या बंद झाल्या तर मी बरी व्हऊन करू काय?"

माझ्याकडं पेशींचं उत्तर होतं, याचं नव्हतं...

घरी आल्यावर तिनं दादांना अंगणात दोरी बांधायला लावली, कडुनिंबाच्या बुंध्यापासून पडवीच्या खांबापर्यंत. पेटीतलं जांभळं लुगडं काढलं, आणि ते दोरीवर उलगडून टाकलं. अलीकडं, झाडाखाली, तिची बाज. पलीकडं, चांगलं अंतर सोडून, सतरंजी. ज्याला भेटायचं त्यानं सतरंजीवर बसायचं, लुगड्याच्या अलीकडं कुणी यायचं नाही. एवढं झाल्यावर ती म्हणाली, आता गयेला बोलव. मी म्हटलं, ती रुसलीय, यायची नाही. येती की, म्हणाली, राखणीला बोलावलंय म्हणून सांग. गयाकाकू आली. सर्दी गेलेली, चेहरा अजून फुगलेला, थेट लुगड्याजवळ येऊन उभी राहिली. लुगड्याआडून आई म्हणाली, "गये, माझी पोरगी मानसांना हाकलती. तिला जमत न्हाई. तू हाकल."

आणि काय सांगू! मी उंबऱ्यात उभी राहून जे करू शकले नाही ते काकूनं सतरंजीवर बसून केलं. तिचा दरारा माझ्या दसपट. येणाऱ्याच्या हातावर पाणी ओतायची, साबण द्यायची, तोंडाला मास्क नसेल तर पदर बांधायला लावायची. खोकला आला की सरळ घरचा रस्ता. बिस्किटाचे पुडे तिनं बंद केले. हात रिकामे असतील तर माळा ओवा, म्हणायची. स्वतःच्या सख्ख्या नणंदेला तिनं परत पाठवलं तेव्हा गावाला कळलं की हे प्रकरण साधं नाही. आणि गंमत अशी की कुणाला अपमान वाटेना. लेकीनं अडवलं की अपमान, काकूनं अडवलं की पथ्य. डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. लुगड्यानं जंतू अडत नाहीत, म्हणाल्या, पण माणसं अडतात ना, उघड्यावर अंतर राखून बसतात ना, मग चालू द्या.

त्या अंगणातल्या गप्पा मला अजून ऐकू येतात. तोंड दिसत नसलं की बाया जरा जास्तच खरं बोलतात. सासवांची, सुनांची, नवऱ्यांची, कुणाकुणाची म्हणून गुपितं त्या लुगड्यावरून अलीकडं आली. आईच्या बोटांना तोवर मुंग्या यायला लागल्या होत्या, टोकं बधिर, सुई धरली तरी कळायची नाही. त्यामुळं ती नुसती बाजेवर पडून हुकूम सोडायची, पानं ताजी घ्या, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, दोरा आखूड ठेवा. हसता हसता तिच्या हातातली पेजेची वाटी कधी रिकामी व्हायची ते तिलाच कळायचं नाही. मला कळायचं, मी भरून ठेवायचे. राहिलेले सगळे डोस वेळेवर झाले. थकवा होता, जुलाब होते, नखं काळी पडली, रडलीसुद्धा ती अधूनमधून, उगाच शूरपणाचा आव तिनं आणला नाही. पण तसा ताप परत आला नाही. केस आले ते कुरळे आले, आणि काकूनं तिला वर्षभर मेंढरू म्हणून चिडवलं. नंतर ती बरीच वर्षं जगली. दर तपासणीला रिपोर्ट चांगला यायचा, आणि दर वेळी ती डॉक्टरबाईंना रुईची माळ द्यायची. बाई ती घ्यायच्या.

ते लुगडं तिनं पुन्हा कधी नेसलं नाही, घडी करून पेटीत तळाशी ठेवलं. ती गेल्यावर साड्या वाटल्या, तेव्हा ते मी माझ्यासाठी बाजूला काढलं. गोधडी करायचा विचार होता. परवा गयाकाकू आली, तीही आता काठी टेकत चालते, आणि म्हणाली, लुगडं दे. खालच्या आळीतल्या सविताला, दोन लेकरांच्या आईला, केमो सुरू झालीय. तिची सासू दादांकडं नगरला कुणाची खोली मिळेल का विचारून गेली होती. दार असलेली, लेकरांपासून लांब. "म्या म्हनलं, कशाला?" काकू म्हणाली. "आपल्याकडं लुगडं हाय."

मी दिलं. मन घट्ट करून दिलं, खोटं कशाला बोलू. आम्ही तिघं सविताच्या अंगणात गेलो. दादांनी दोरी बांधली, काकूनं गाठी ओढून बघितल्या. सविता पलीकडं बाजेवर, आम्ही अलीकडं. तिनं विचारलं, "ताई, फोडणीच्या वासाचं काय करायचं ओ?" मी सांगितलं, गॅस पडवीत ने, वाटीवाटीनं खा, गोळी आधी घे. बोलता बोलता तिचा चेहरा बघावा वाटला आणि माझा हात आपसूक लुगड्याच्या काठाला गेला. काकूनं काठीनं माझ्या मनगटावर फटका दिला.

"हात काढ. तुझ्या आईचं लुगडं असलं म्हनून काय झालं?"

पलीकडून सविता हसली. सासू चौकटीत उभी राहून हे सगळं बघत होती. तिनं डोळ्यांना पदर लावला, आणि दादांना म्हणाली, "त्या नगरच्या खोलीचं राहू द्या मंग."