हाकेचा उपास

आगमनकाळाचा पहिला रविवार आला की आमच्या चर्चमध्ये जांभळं कापड चढतं. फादरांचा झगा जांभळा, वेदीवरचं आच्छादन जांभळं, आणि शेजारी हिरव्या पाल्याच्या कड्यात उभ्या केलेल्या चार मेणबत्त्यांपैकी एक पेटलेली. नाताळ जवळ आला, आता येणाऱ्याची वाट बघायची, असा त्याचा अर्थ. गेल्या वर्षी त्या रविवारी फादर प्रवचनात म्हणाले, हा जागं राहण्याचा काळ आहे, धनी कुठल्या घटकेला दारात उभा राहील सांगता येत नाही. मी मागच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसले होते. मनात म्हटलं, फादर, एक रात्र आमच्याकडे मुक्कामाला या, जागं राहणं काय असतं ते दाखवते.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी त्यांना आत्ती म्हणते. पावसाळ्यात मोरीत त्यांचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या काही राहिल्या नाहीत. मग मी शाळेतल्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभात सगळ्या बाया म्हणाल्या, सुटलीस बाई, आता आराम कर. तो आराम म्हणजे दिवसातून अनेकदा आत्तींची कूस बदलणं, अंग पुसणं, पेज भरवणं, डायपर बदलणं आणि रात्री "अगं ए" अशी हाक आली की डोळे मिटलेले असतानाच चालायला लागणं. 'स्वेच्छा' या शब्दाचं मला तेव्हापासून हसू येतं.

नवरा वारणानगरला साखर कारखान्यात. ऊस गाळायचा हंगाम सुरू झाला की तो तिथल्याच कॉलनीत राहतो, सुट्टी मिळाली तर घरी येतो, नाहीतर फोनवर चौकशी करतो. माणूस चांगला आहे, पण काही विचारलं की म्हणतो, "तू म्हणशील तसं." हे वाक्य ऐकायला फार गोड वाटतं. त्याचा अर्थ एवढाच असतो की सगळं तुझ्या गळ्यात.

आणि त्या डिसेंबरात खरोखरच एक गोष्ट माझ्या गळ्यात पडली होती. माझी नणंद पुण्याला असते. तिनं, म्हणजे वन्संनी, चर्चच्या सिस्टर लोक चालवतात असा एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. स्वच्छ जागा, रात्रंदिवस नर्स, आत प्रार्थनेला छोटं चॅपल. नव्या वर्षात तिथं एक खाट मोकळी होणार होती. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुमचे हाल बघवत नाहीत. नाताळच्या आदल्या दिवशी फोन करते, तोवर ठरवा." त्या वाईट काही बोलत नव्हत्या. मी फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडत होते. आत्तींची खाट तिथून चार हातांवर, पण त्या डोळे मिटून पडल्या होत्या.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. दर वर्षी पहिल्या रविवारी आम्ही पुढच्या खोलीत नाताळचा गोठा मांडतो: मेंढपाळ, गाय, गाढव, मरिया आणि योसेफ, आणि मधे लाकडाची एवढीशी गव्हाण. बाळ येशूची मूर्ती रुमालात गुंडाळून कपाटात असते, ती नाताळला बाहेर येते. तोवर गव्हाण रिकामी. ती भरायची रीत आत्तींनी माहेराहून आणलेली. आगमनकाळात माणसानं स्वतःच्या मनाला मुरड घालून एखादं चांगलं काम केलं की पिंजराची, म्हणजे भाताच्या वाळक्या पेंढ्याची, एक काडी गव्हाणीत टाकायची. नाताळपर्यंत बाळाचा बिछाना व्हायला पाहिजे. अट एकच, आत्तींच्याच शब्दांत: "कुरकुर केली की काडी न्हाय."

पिंजर शेजारच्या वहिनी देतात. त्यांच्या दारात म्हशी आहेत आणि माहेर शाहूवाडीकडचं, भाताचं, त्यामुळे पिंजराला तोटा नाही. त्या दर वर्षी पेंढी ठेवतात, गोठ्याकडं बघतात आणि विचारतात, "तुमचा देव अजून आला न्हाय व्हय? रिकामी गव्हाण वंगाळ दिसती बघा." मी म्हणते, चोवीस तारखेला येतो. "मग आदीच कशाला मांडायचं?" हे त्यांचं नेहमीचं. म्हशी पाळणाऱ्या बाईला रिकामी गव्हाण बघवत नाही, त्यात तिचं काय चुकलं?

त्या वर्षी मी एकही काडी टाकली नाही. कामं ढीगभर करत होते, पण एकही कुरकुर केल्याशिवाय नाही. तोंडानं गप्प राहिले तरी भांडी बोलायची. आणि देवाला फसवण्याएवढी ताकद माझ्या अंगात उरली नव्हती.

आत्ती मात्र रोज संध्याकाळी हात पुढं करायच्या. "एक काडी दे." कधी दोन मागायच्या, कधी तीन. गोठा त्यांच्या उशाशीच होता. बोटांनी काडी गव्हाणीत सोडायच्या आणि डोळे मिटून पुटपुटायच्या. मला खरंच राग यायचा. पडल्या पडल्या ही बाई कसली पुण्यं करते? राबतेय मी, आणि बिछाना घालतायत या! एकदा तर मी विचारलंही, "आत्ती, आज काय काम केलंत?" त्या म्हणाल्या, "सांगितल्यावर त्याचं मोल जातंय."

पण त्याच दिवसांत एक बरं झालं होतं. रात्रीच्या हाका बंद झाल्या. आधी एक दिवस, मग दुसरा, मग रोजच. मी सकाळी उजाडल्यावर उठायला लागले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं कमी झाली असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये दुसरी मेणबत्ती पेटली तेव्हा मी देवाचे आभार मानले. आगमनकाळाची कृपा, म्हटलं. आयतं मिळालेलं फार तपासून बघू नये, हे मला शाळेतल्या नोकरीनं शिकवलेलं आहे.

तिसऱ्या आठवड्यात अंग पुसताना मी त्यांना कुशीवर वळवलं आणि हात थांबला. आदल्या दिवशी लालसर दिसली होती ती जागा आता काळी पडली होती, आणि मधोमध कातडी सुटली होती. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि मला विचारलं, "रात्री कूस बदलत नाही का? ओल्यातच पडून राहतात की काय? बेडसोअर आहे हा. आता रोज ड्रेसिंग लागणार." मी म्हटलं, हाक मारली तर बदलते, पण हल्ली त्या शांत झोपतात. डॉक्टरांनी आत्तींकडं बघितलं. आत्तींनी भिंतीकडं.

डॉक्टर गेल्यावर मी खाटेशी उभी राहिले. "रात्री दुखत नव्हतं?"

"दुखत हुतं की."

"मग हाक का मारली नाहीत?"

त्या भिंतीकडं बघतच म्हणाल्या, "उपास धरलता."

"कशाचा उपास?"

"हाकेचा. दुसरा कशाचा धरू? जेवणाचा धरावा तर गोळ्या हायत. गुडघं टेकता येत न्हाईत, चर्चात मिस्साला जाता येत न्हाय. माझ्याजवळ दुसरं काय ऱ्हायलंय? एक हाक गिळली की एक काडी."

मी गव्हाणीकडं बघितलं. चांगली भरली होती, काठापर्यंत. त्यातली एकेक काडी म्हणजे रात्री ओल्या अंथरुणात दात आवळून पडलेली ही म्हातारी. आणि मी पलीकडच्या खोलीत घोरत होते आणि देवाचे आभार मानत होते.

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. गव्हाण उचलली, तशीच चपला न घालता बाहेर गेले आणि वहिनींच्या म्हशीपुढं पालथी केली. म्हशीनं एका घासात आमच्या घराचं सगळं पुण्य खाल्लं आणि आणखी आहे का म्हणून माझ्याकडं बघितलं.

वहिनी शेणाचे हात घेऊन धावत आल्या. "अवो, देवाचं न्हवं व्हय ते?"

"देव अजून आलेला नाही," मी म्हटलं. "म्हैस उपाशी आहे."

वहिनींनी शहाणपणानं पुढं काही विचारलं नाही. मी घरात येऊन रिकामी गव्हाण जागेवर ठेवली आणि आत्तींना म्हटलं, "आजपासून रीत बदलली. हाक माराल तर काडी. नाही माराल तर काही नाही."

"ह्ये कुठल्या धर्मात हाय?"

"माझ्या."

संध्याकाळी ड्रेसिंग बदलताना, तोंड उशीत असताना, आत्ती म्हणाल्या, "फोनवर तुमी दोगी बोलत हुताव ते ऐकलंय मी. माझं कान शाबूत हायत. तुझा तरास कमी झाला तर ठिवून घेशील म्हटलं."

मी पट्टी चिकटवत राहिले. ठेवून घेईन असं म्हणणं खोटं झालं असतं, कारण त्याच दुपारी माझं मनात ठरलं होतं. ही जखम माझ्यानं निभणार नाही. तिथं नर्स आहे, तिथंच बरं. वन्संचा फोन आला की हो म्हणायचं. एवढं ठरवल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, नुसतंच आणखी थकल्यासारखं झालं.

नाताळच्या आधी आम्ही पापांची कबुली द्यायला जातो. रांगेत उभं राहून मी पापं आठवत होते, पण एकही धड आठवेना. राग म्हणावा तर तो कुणावर? जाळीपलीकडं फादर कान देऊन बसले होते. मी म्हटलं, "फादर, मी थकलेय." त्यांनी विचारलं, घरी कोण असतं मदतीला? कुणी नाही, म्हटलं. बोलावलं होतं का कुणाला? मी म्हटलं, बोलावून कशाला, ज्याला त्याला दिसतंच की. फादर म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून उद्या दुपारी झोपा." आयुष्यात इतकं सोपं प्रायश्चित्त मला कधी मिळालं नव्हतं, आणि इतकं अवघडही.

दुसरा दिवस नाताळच्या आदला. करंज्या झाल्या होत्या, ड्रेसिंग झालं होतं, आत्तींना वळवून झालं होतं. दुपारी मी पलीकडच्या खोलीत चटईवर आडवी झाले आणि प्रायश्चित्त घ्यायला डोळे मिटले. फोन वाजला. वन्सं होत्या. "काय ठरलं वहिनी? त्यांना आज कळवायला पाहिजे."

मी उठून बसले. 'हो' ओठांवर होतं.

"अगं ए!"

रीत बदलल्यापासून आत्ती हाक मारत होत्या, पण कशी, दबकत, चोरासारखी. ही हाक पहिल्यासारखी होती, गल्लीतल्या म्हशींनी कान टवकारावेत अशी. मी वन्संना थांबा म्हटलं आणि फोन हातात तसाच धरून पुढच्या खोलीत गेले. गुडघा कळ मारत होता.

"काय झालं? दुखतंय?"

"न्हाय."

"पाणी पाहिजे?"

"नगं."

"मग हाक कशाला मारलीत?"

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. "येतीस का बघितलं."

माझा संताप झाला. आत्ता कुठं पाठ टेकली होती. ओरडायला म्हणून तोंड उघडलं, आणि त्यांचा चेहरा दिसला. इतके दिवस गिळलेल्या हाकांनंतर त्यांनी ही एक नुसती तपासायला टाकली होती, आणि मी आले होते म्हणून त्यांच्या तोंडावर लहान पोरीसारखा आनंद होता. मी खाटेच्या कडेला बसले. मला त्या बाईची माया येत होती आणि झोपही येत होती, दोन्ही सारख्याच जोरात.

"वहिनी?" फोनमधून वन्सं बोलत होत्या. "ऐकताय ना?"

"आत्ती इथंच राहतील," मी म्हटलं. "जखम धुवायला सकाळची एक बाई बघायची, ती तुम्ही बघा. आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार तुम्ही इथं यायचं, मुक्कामाला. तुमच्या भावालाही मी आज हेच सांगणार आहे, माझ्यावर ढकलायचं नाही म्हणून."

वन्सं गडबडल्या. घरातल्या या सुनेनं आजवर कुणाकडं काही मागितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पण वहिनी, तुम्हाला झेपेल का हे?"

"नाही झेपणार," मी म्हटलं. "म्हणून तर तुम्हाला हाक मारतेय."

आत्ती डोळे उघडे ठेवून ऐकत होत्या. मग वन्संचा आवाज आला, "ह्या शनिवारी येते."