पट्टीखालचं नाव

तूरे नूर्डफेल्ट गेल्याची बातमी पेपरात दीड ओळीत आली. 'निवृत्त निवेदक.' झालं, संपला माणूस! संताप आला म्हणून हे लिहायला बसले. मी आल्फहिल्ड. स्टॉकहोमला रेडिओत एकतीस वर्षं वाद्यवृंदाच्या स्वरलिपीची पानं उतरवायचं काम केलं. ओबोवाल्याला त्याच्या सनईसारख्या ओबोची, व्हायोलिनवाल्यांना त्यांची, सगळी हातानं, शाईनं.

तूरेला नाटकात कुणी उभं केलं नाही. ठेंगणा, त्यात चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा. पण आवाज असा, की कॉफी ओतणारी बाई हात थांबवून ऐकायची. एकोणीसशे अडतीस साली रेडिओवर एक नवा कार्यक्रम निघाला, दिवसाच्या प्रहरांचा. आधी तूरेनं कविता वाचायची, लगेच वाद्यवृंदानं त्या प्रहराचा तुकडा वाजवायचा, मग पुढची कविता. सगळं थेट. रेकॉर्ड करून ठेवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. वादकांना कुठं सुरू करायचं ते कळावं म्हणून कवितेचे शेवटचे शब्द मी प्रत्येकाच्या पानावर लिहायची.

लोक वेडे झाले. उत्तरेकडच्या एका लाकूडतोड्यानं तूरेला लिहिलं, 'तुम्ही वाचता तेव्हा बायको रडायची थांबते.' ते पत्र तूरे कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडायचा.

मग संगीतविभागाच्या साहेबांनी ठरवलं, कविता काढायच्या. त्यातले तीन तुकडे ओवून नुसत्या वाद्यांची एक माला करायची, सभागृहात वाजवायची. साहेब चुकले असंही म्हणवत नाही, संगीत होतंच तसं. पण नवी पानं लिहायला वेळ कुठला? मला हुकूम झाला, कवितेचे शब्द झाका. मी कागदाच्या पट्ट्या कापल्या, मैद्याची खळ केली आणि चिकटवत बसले.

तूरे टेबलापाशी येऊन उभा राहिला. "काय गं, गाडतेस होय मला?"

"साहेबांनी सांगितलंय. माझ्यावर कशाला डाफरतोस?"

ओबोच्या पानावर नुकतीच पट्टी बसली होती. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हिच्याखाली माझं नाव आहे ना पण?"

नव्हतं. आमच्यात नावं लिहायची पद्धतच नव्हती. 'पहिला ओबो', 'दुसरं व्हायोलिन', तसं 'वाचक'. पण त्याचा ओठ थरथरत होता आणि मला तो रडलेला बघायचा नव्हता. मी म्हटलं, "आहे की."

"मग चिकटव बाई, चिकटव. आत तर आहे मी."

पुढं त्या मालेनं कहर केला. शाळेच्या समारंभात ती, न्हाव्याच्या दुकानात ती, रविवारी रेडिओ लावला की तीच. आणि तूरेच्या वाट्याला काय? हवामान, बंदरातल्या पाण्याची पातळी, बोटींना इशारे. तरी जमेल त्या घोळक्यात छाती काढून सांगायचा, "त्यात माझं नाव आहे, पट्टीखाली. खोटं वाटत असेल तर विचारा आल्फहिल्डला." सगळे माझ्याकडे बघायचे. मी दालचिनीचा पाव कॉफीत बुडवत मान हलवायची. त्याचा जावई तर म्हणायचा, "आमचे सासरे पट्टीखाली राहतात!" तूरेही हसायचा बिचारा.

वीस-बावीस वर्षं मी अशी मान हलवली. लाज कशी वाटली नाही मला?

शेवटी छापील पानं आली आणि जुनी रद्दीत निघाली. तूरे तेव्हा वृद्धाश्रमात होता. मला निरोप आला, 'ओबोचं पान घेऊन ये. इथं कुणाचा विश्वास बसत नाही.'

रद्दीतून पान घरी आणलं. किटलीच्या वाफेवर धरून पट्टी सोडवली. खाली माझंच अक्षर: 'वाचक: "तळ्यावर उजेड रेंगाळला." मग सुरू.' बास, एवढंच. मी टाक घेतला. हात माझा, वळण माझं, कोण ओळखणार? 'वाचक'च्या पुढं लिहिलं, तूरे नूर्डफेल्ट. वाळू दिलं आणि खळ लावून पट्टी होती तशी बसवली.

आश्रमात दुपारच्या कॉफीला सगळे टेबलाभोवती जमले होते. तूरेनं टाय लावला होता. नखानं हळूहळू पट्टी सोलली आणि पान वर धरलं.

"अगंबाई, खरंच की!" तिथली सेविका म्हणाली. "आणि आम्ही मेले उगाच चिडवत होतो ह्यांना!" म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर उठून हात मिळवला. तूरे सगळ्यांकडं बघून हसला आणि ती ओळ त्यांना वाचून दाखवली. आवाज फाटला होता, पण वाचली.

सगळे पांगल्यावर त्यानं चष्मा चढवून पान खिडकीपाशी नेलं.

"'वाचक' तपकिरी पडलंय," तो म्हणाला. "माझं नाव काळंभोर आहे."

जन्मभर शाईत बोटं बुडवलेली बाई मी, आणि एवढं विसरले!

"म्हणजे तेव्हा नव्हतं."

"नव्हतं रे, तूरे."

त्यानं बोट थुंकीनं ओलं केलं, पट्टी पुन्हा नावावर ठेवली आणि चिकटेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरली.

"ह्या लोकांना सांगू नकोस हं," तो म्हणाला.