शेगडीचा धूर आणि वरच्या मजल्यावरचे काका

गेल्या सोमवारी सकाळी सहाला काका स्टूल घेऊन आमच्या हॉटेलासमोर येऊन बसले... आणि मला वाटलं, आज काही खरं नाही.

हॉटेल म्हणजे फार मोठं नाही. वडवणीत स्टँडच्या मागच्या गल्लीत मी आणि आमचे हे, दोघं मिळून पोहे, इडली, चहा करतो. काका-काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. काका एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

दिवाळीनंतर आम्ही पेलेटची शेगडी घेतली. कापसाच्या पऱ्हाट्या आणि सोयाबीनचं भुसकट दाबून बोटाएवढ्या कांड्या करतात, त्यावर ती चालते. हवेसाठी खाली छोटा पंखा. एकदा पेटली की झकास, धुराचं नाव नाही. पण पेटेपर्यंतची ती पंधरा-वीस मिनिटं... डोळ्यांत झोंबणारा पांढराफेक धूर सरळ काकांच्या जिन्यात!

आणि काकूंना दमा.

रोज सकाळी काका जिन्यातून ओरडायचे, "ताई, माणसं राहत्यात वर! कावून धुरी द्यायलाव आमाला?" मी मान खाली घालून इडलीची भांडी लावत बसायचे. चूक आमचीच होती...

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी काकूंना एवढा त्रास झाला की दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली. संध्याकाळी घरमालकांचा निरोप आला, शेगडी बंद करा, नाहीतर दुसरी जागा बघा. मला तर धसकाच बसला. जागेपेक्षा काकूंचं जास्त लागलं मनाला.

शेगडी विकून टाकायची, असं आमचं ठरलं. पण सोमवारी एका साखरपुड्याच्या नाष्ट्याची ऑर्डर घेतलेली होती. रविवारी वर जाऊन हात जोडले, "काका, फक्त उद्याचा दिवस. परत पेटवणार नाही." काका एवढंच म्हणाले, "बघतो."

आणि सोमवारी काका असे समोर! काकूंना त्यांनी आधीच पलीकडच्या गल्लीत त्यांच्या बहिणीकडे नेऊन सोडलं होतं.

"हं, पेटव. रोज पेटवतीस तशीच."

मी घाबरत घाबरत शेगडी काठोकाठ भरली, खालून डिझेलचा बोळा लावला, पंखा फुल केला. धुराचा लोट उठला. काका खोकले, डोळे पुसले आणि चक्क हसायला लागले.

"बंद कर, बंद कर! थंड इंजिनाला कुणी एवढी रेस देतं का गं माय?"

मग त्यांनी बाह्या सावरल्या. कांड्या पत्र्यावर ओतून विझवल्या. तारेनं शेगडीची भोकं साफ केली, निम्मी राखेनं बुजलेली. पोत्यातली एक कांडी मोडायला घेतली, तर ती कट् न मोडता हातातच भुगा झाली.

"ही ओली हाय. पोतं कुठं ठेवतीस?"

"मोरीजवळ..." मी पुटपुटले. काकांनी कपाळावर हात मारला. आमच्या ह्यांनी माळ्यावरचं कोरडं पोतं काढून दिलं.

काकांनी शेगडी वर चार बोटं मोकळी ठेवून भरली. त्यावर तुराटीच्या वाळक्या काड्या आणि थोडी नारळाची शेंडी ठेवली... आणि काडी लावली ती वरून! डिझेलचा थेंबही नाही. पंखा अगदी हळू.

"वरून पेटलं की जाळ हळूहळू खाली उतरतो. खालचा धूर त्या जाळातनंच वर येतो, तिथंच जळून जातो. जाळ धरला की मग पंखा वाढवायचा. घाई करायची न्हाई."

एक बारीकशी धुराची रेघ वर गेली... आणि संपली. तीन-चार मिनिटांत शेगडी लालबुंद. आम्ही तिघंही जिन्याकडे बघत होतो. जिना स्वच्छ!

"चहा टाक," काका म्हणाले. आवाज पहिल्यांदाच हळू होता.

ऑर्डर वेळेत गेली. घरमालकांना काकांनी स्वतःच फोन केला, "ऱ्हाऊ द्या हो त्यांना, शेगडीत दोष न्हवता." दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या, सकाळभर त्यांना साधा ठसकाही लागला नाही.

तेव्हापासून शेगडी काकाच पेटवतात. मला हात लावू देत नाहीत! पावणेसहाला अंघोळ करून हजर, कांड्या मोडून बघतात, भोकं साफ करतात, ह्यांना हवेचं लेक्चर देतात.

काल काकू खाली आल्या, इडली खाल्ली आणि हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "रिटायर झाल्यापास्नं नऊ-नऊपर्यंत लोळत व्हते बघ, धुरानं उठून ओरडले तरी परत आडवे. आता मला उठवायलेत! अधूनमधून तुझी शेगडी जरा बिघडव माय, म्हंजी त्या दिवशी तरी मला झोपू देतील..."

काका, तुमचा आमच्यावर रागावायचा पूर्ण हक्क होता. तरी तुम्ही काकूंची काळजीही घेतलीत आणि आमचं हॉटेलही वाचवलंत... हे आम्ही दोघं कधीच विसरणार नाही.