न चाखलेलं सँडविच

अंड्याच्या सँडविचात जपानी ते काय असतं, असं मी लेकीला फोनवर विचारलं तेव्हा मला खरं म्हणजे उत्तर नको होतं. मला झोप हवी होती. लेक बंगळुरूला नोकरी करते. तिनं एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक जपानी बाई चकचकीत ओट्यापुढे उभी राहून अंडी उकडते, बारीक करते, पांढऱ्याशुभ्र पावात भरते, पावाच्या कडा कापते. घाई नाही, आठी नाही, मागे कुकरची शिट्टी नाही. शेवटी सुरीनं मधोमध कापते आणि आत पिवळं दिसतं.

"आजीला जमेल गं आई, मऊ आहे, तिखट नाही. करून बघ ना," लेक म्हणाली.

करून बघ ना म्हणायला काय जातं? करणारी इथे मुलुंडमध्ये, सकाळी उठून आईचं तोंड मिठाच्या पाण्यानं धुवून देणारी, तिला औषधं देणारी, कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर मुलांचे दाखले शोधणारी, आणि संध्याकाळी परत येऊन वाटीभर पेजेसाठी आईच्या विनवण्या करणारी. पण दुसरं काही सुचत नव्हतं. म्हणून केलं.

आईच्या गालात आतून जखम झाली होती. वर्षानुवर्षं तंबाखूची मिश्री लावायची ती, त्याचं बक्षीस. ऑपरेशन झालं, मग शेक सुरू झाले. रेडिएशन म्हणायला जीभ वळत नाही, आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. शेक संपले, तोंडातले फोड हळूहळू बसले, पण चव गेली ती गेलीच. गोड नाही, आंबट नाही, काही नाही. "सगळा माती लागता," ती म्हणायची आणि वाटी बाजूला सारायची. वजन उतरत होतं. पुढच्या तपासणीपर्यंत ते थांबलं नाही तर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. चव परत येते, पण कधी आणि किती ते सांगता येत नाही, असंही म्हणाले. आईला फक्त नळी ऐकू आली.

"नळी नको गो माका. त्यापेक्षा गावाक नेऊन ठेव," ती रिक्षात म्हणाली. मी तिचा हात धरून बसले.

आईची जीभ म्हणजे काय होती ते सांगायला हवं. आईचं अख्खं आयुष्य विक्रोळीच्या चाळीत गेलं, आजारी पडल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं. तिथल्या बायका बांगड्याचं तिखलं, वाटाण्याची उसळ, सोलकढी, जे काही केलं असेल ते वाटीत घेऊन आमच्या दारात यायच्या. मावशी, मीठ बघा हो. आई पदराला बोट पुसायची, बोट बुडवायची, जिभेला लावायची आणि सांगायची. मीठ हवं, कोकम काढ, खोबरं खवट आहे. कुणाकडे पाहुणे यायचे असले की आमच्या घरी रांग लागायची. नवीन लग्न झालेल्या सुना तर तिला घाबरून असायच्या. मी स्वतः लग्नानंतर कितीतरी वर्षं तिला जेवायला बोलावायची म्हटलं की धास्ती घ्यायची. दोन घास खाऊन ती "बरा असा" म्हणाली तर माझा दिवस झकास जायचा. ती म्हणायची क्वचितच.

आणि आता तीच बाई पेज आणि खीर यांतला फरक ओळखेना. तिला काय वाटत असेल, हा विचार मी करायचा टाळायचे. केला की रडू यायचं, आणि रडायला वेळ नव्हता. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ विक्रोळीलाच राहतो. दर रविवारी येतो, शहाळं आणतो, सल्ले देतो आणि जेवून जातो. "तिला प्रोटीन दे," म्हणाला एकदा. मी म्हटलं, तू दे की रे. तर हसला.

शेक संपल्यावरच्या एका संध्याकाळी, आईनं पेजेला तोंड लावलं नाही तेव्हा, मी देव्हाऱ्यापुढे उभी राहून गाऱ्हाणं घातलं. गावी गाऱ्हाणं घालायला गावकरी लागतात, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. माझ्याकडे कुणी नव्हतं, म्हणून गाऱ्हाणंही मीच घातलं आणि होय म्हाराजाही मीच म्हटलं. आईच्या तोंडाला चव येईपर्यंत मी अंडं, मासे, मटण, काही म्हणजे काही तोंडात घालणार नाही. मालवणी बाईनं मासे सोडणं म्हणजे काय ते आमचं आम्हाला माहीत. आईला सांगितलं नाही. तिनं विचारलं तेव्हा ॲसिडिटी झाली म्हटलं.

तर ते जपानी सँडविच. व्हिडिओतल्या बाईचा तो दुधातला पाव आपल्याकडे कुठून मिळणार? बेकरीत मिल्क ब्रेड मिळतो, किंचित गोडसर, तो आणला. ती बाई अंड्याच्या बलकाचं मेयोनीज घालते. आमच्या गल्लीतल्या गुजराती दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बेन, इथे सगळं एगलेसच मिळेल." अंड्याच्या सँडविचला बिनअंड्याचं मेयोनीज! मी तिथेच हसत सुटले. हसू कुठून आलं कोण जाणे, दुकानदारही बावरला. तेच घेतलं. अंडी स्टेशनकडच्या अंडीवाल्याकडून आणली, आणि टरफलं पेपरात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी घालायची सवय तर ह्या शाकाहारी सोसायटीत राहायला आल्यापासून आहेच.

करायला काही कठीण नाही. वैताग आहे तो बारकाव्यांचा. अंडी फार उकडायची नाहीत, बलक जरा ओलसर राहिला पाहिजे. लगेच गार पाण्यात टाकायची. पांढरं अगदी बारीक चिरायचं, कारण आईला चावता येत नव्हतं. बलक काट्यानं मोडून त्यात मेयोनीज, चमचाभर दूध, साखरेची चिमूट, मीठ. पावाला लोणी, त्यावर मधोमध अंडं, कडांना लागू न देता. वर दुसरा पाव ठेवून आईच्या जुन्या सुती साडीच्या ओल्या तुकड्यात थोडा वेळ गुंडाळून ठेवायचं, म्हणजे पाव आणखी मऊ पडतो. मग कडा कापायच्या. त्या कडांचे तुकडे मी कांदा घालून फोडणीला टाकायचे आणि तेच माझं जेवण. ते सगळे दिवस मी त्या कडांवर काढले.

पहिल्या दिवशी आईनं बशीकडे पाहिलं. "ह्या काय?"

"जपानी सँडविच."

"जपानात म्हाताऱ्या मेल्या काय, माका देतंस ता?" म्हणाली खरी, पण एक तुकडा तोंडात घातला. गालात फिरवला. पाव तोंडात आपोआप विरघळला असावा, कारण तिला गिळायला पाणी लागलं नाही. तिनं दुसरा तुकडा उचलला. अर्धं सँडविच खाल्लं तिनं. पेज, खीर, नाचणीचं आंबील, सगळं हरलं होतं आणि हे चाललं. "चव काय ती नाय, पण घशात उतरता," एवढंच म्हणाली. मला तेवढं पुष्कळ होतं.

मग रोजचंच झालं. सकाळी अंडी उकडून सोलून ठेवायची, संध्याकाळी कामावरून आलं की सँडविच. सोमवारी मी अडखळले. आमच्याकडे सोमवारी अंडं शिवत नाहीत. आईच म्हणाली, "आजारपणात वार नसतत. देवाक कळता." माझ्या बाबतीत देवाला काय कळतं ते मी त्याला विचारलं नाही.

सँडविच खाल्लं की आई दोन पेले पाणी प्यायची. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलंच होतं, आणि आधी ती घोटभर पाण्याला तोंड लावायला तयार नसायची. त्यामुळे मी खूश. भावालाही सांगितलं, आई पाणी पिते आता. तपासणीला गेलो तेव्हा वजन उतरायचं थांबलं होतं. डॉक्टरांनी नळीचा विषय काढला नाही. आईनं रिक्षात माझा हात घट्ट धरला. पण चव नव्हतीच. मी रोज विचारायचे, काही लागतं का? ती मान हलवायची. नंतर मी विचारणं बंद केलं, कारण तिच्या मान हलवण्याचा मला राग यायला लागला होता. होय, राग. आजारी माणसाचा राग येतो, कुणी काही म्हणो. थकवा साठत जातो आणि तो असा भलत्याच जागी बाहेर पडतो.

त्या दिवशी तर सगळीकडूनच वाट लागली होती. कामवाली आली नव्हती. कॉलेजात परीक्षेचे अर्ज, सर्व्हर बंद, मुलं अंगावर ओरडत होती. सोसायटीत पंप बिघडला म्हणून लोक खाली जमून भांडत होते. मी घरी येऊन पर्ससुद्धा खाली न ठेवता सँडविच करायला घेतलं, केलं, बशी आईपुढे ठेवली आणि शेजारच्या खुर्चीत मटकन बसले. पाय ठणकत होते. कुणी माझ्यापुढे अशी बशी ठेवावी, असं वाटत होतं मला.

आईनं एक तुकडा खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. बशी सारली.

"ह्या काय केलंस गो? मिठागरात बुडवून आणलंस काय?"

माझं डोकंच फिरलं. "नको खाऊस मग! मी मर मर मरते, सकाळपासून दोन पायांवर उभी आहे, आणि तुझी नावं ठेवणं काही सुटत नाही! नळीच लावून घे, म्हणजे सुटू दोघी!"

बोलले आणि बशी उचलून आत गेले. बेसिनपाशी उभी राहिले. नळ सोडला तर नळाला पाणी नाही, नुसती हवा. त्या फुसफुसणाऱ्या नळापुढे मी हात धरून उभी होते. आपण आईला काय बोललो, याची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही राग जात नव्हता. मिठागर म्हणे. इथे पूर्वेला मिठागरं आहेतच, जा आणि बस तिथे.

मिठागर.

मी बशी तशीच हातात घेऊन बाहेर धावले. "काय म्हणालीस तू?"

"खारट म्हटलंय. बहिरी झालंस?" तिचे डोळे भरलेले होते, माझ्या बोलण्यामुळे. पण आवाज जुना होता, चाळीतल्या दारातला.

"आई, तुला खारट लागलं?"

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पदराला बोट पुसलं, बशीतल्या अंड्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटले. खाली पंपावरून भांडण चालूच होतं.

"होय गो," ती अगदी हळू म्हणाली. "मीठ लागता."

मी खाली जमिनीवरच बसले. आणि रडले, मोठ्यानं, लहान मूल रडतं तशी. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं त्याच हातानं टपली मारली.

"पण एवढा मीठ घातलंस कसा? चाखून बघूक नाय?"

मनात हिशेब जुळत होता. सोललेली अंडी मिठाच्या पाण्यात ठेवायची आमच्या घरची सवय. त्या मेयोनीजात मीठ असतंच. लोण्यातही असतं. आणि वर माझा हाताचा अंदाज, माशाच्या कालवणाचा. ते काय आजचं नव्हतं. पहिल्या दिवसापासून रोज तेवढंच पडत होतं. म्हणून दोन पेले पाणी. आणि मी खूश.

"बोल ना. चाखूक नाय?"

"ॲसिडिटी..."

"अंड्यान ॲसिडिटी होता आणि फोडणीच्या पावान होत नाय?" तिनं माझी हनुवटी वर केली. "नवस बोललंस?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"कधीपर्यंत?"

"तुला चव येईपर्यंत."

वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. तिनं बशीतून एक तुकडा उचलला, त्याचा लहानसा घास केला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"इली मगे चव. घे."

"आई, आधी देवाला सांगून—"

"देवाक मी सांगतंय. तू खा, आणि माका काय काय खाऊक घातलंस ता बघ."

मी खाल्लं. इतकं खारट होतं की तोंडात धरवेना. एवढे दिवस ती हे खात होती, रोज, माझ्या हातचं आहे म्हणून, घशात उतरतं म्हणून. मी ते गिळलं आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.