ताडून बघणारे भावोजी

काळजी करण्यात आमच्या भावोजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, हात धरेल असा माणूस वसईपासून विरारपर्यंत सापडायचा नाही. चंदनसारच्या फ्लॅटमधून कामणच्या गोदामावर कामाला निघाले की हमखास परत यायचे. आधी गॅस बघायला आणि मग, गॅस बघून निघताना कुलूप नीट लावलं का ते बघायला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "एखादा छंद लावून घ्या, जिवाला विसावा मिळेल." भावोजींनी चित्रकला धरली आणि आगीतून फुफाट्यात पडले!

जुन्या उस्तादांच्या रेखाटनांची नक्कल केल्याशिवाय हात वळत नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. मग काय, शेकडो वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या चित्रांच्या झेरॉक्स घरात आल्या. दाढीवाले संत, हात जोडलेल्या बायका, एक सुरकुतलेली म्हातारी. आता काळजी त्यांचीही! "हिच्या डोळ्याखालची सूज बघ रे," म्हातारी दाखवत ते मला म्हणाले, "त्या काळी हिची किडनी कोण तपासणार?" एका संताच्या गालावरचा काळा डाग त्यांनी आठवडाभर जीव ओतून उतरवला, वर त्वचारोगाची शंकाही घेतली. डाग झेरॉक्स मशीनच्या काचेवरचा निघाला.

ताई फुरंगटायची. "मेलेल्या बायकांच्या नाकांची एवढी काळजी! माझं एक तरी चित्र काढलंत का कधी?"

"अगं, यांचं चुकलं तर मूळ चित्राशी ताडून बघता येतं," भावोजी कळवळून म्हणायचे. "तुझं चुकलं तर कशाशी ताडू?"

मग ताईच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेलं आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. भावोजींनी गॅसचं नाव काढलं नाही, कुलपाचं नाही. थोड्या वेळानं त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि एक्स-रेच्या पाकिटावर ताईचा चेहरा काढायला घेतला. समोर बघायला काहीच नव्हतं.

"अरे, हिच्या हनुवटीवरचा तीळ कुठल्या बाजूला?"

सख्खा भाऊ मी, पण मलाही आठवेना.

"रोज समोर असते रे," ते म्हणाले. "आणि मला साधा तीळ आठवत नाही. आता जर ती..." बराच वेळ पेन्सिल घुटमळली, शेवटी त्यांनी डाव्या बाजूला ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी आत सोडलं. ताई पांढरीफटक पडली होती, पण डोळे उघडे होते. भावोजींनी पाकीट तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं आणि एक डोळा मिटून बघितलं. तीळ उजवीकडे होता. "चुकलं!" ते म्हणाले. चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही.

"नाकही जाड झालंय," ताई पुटपुटली.

ते पाकीट आता हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. भावोजींची काळजी काही सुटलेली नाही. जिना चढताना ताई जरा थांबली, की यांचा श्वास अडकतो. परवा मी म्हटलं, "संतांच्या दाढ्यांवर एवढे खोडरबर झिजवता, तो तीळ तरी खोडून नीट जागेवर काढा."

आत ताई भांडी लावत होती. भावोजींनी तिकडे नजर टाकली.

"राहू दे रे," ते म्हणाले. "ताडून बघायला ती आहे ना."